मधल्या चौकात जायची वाट

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना पुढे वाचताना भांडायला सोपे जाईल. घरात छोटी रेल्वे मांडायचा छंद ज्याला आहे, त्याने कागदावर पहिली रेघ रुळाची काढू नये, माणसाच्या वाटेची काढावी. गाडी कुठून कुठे जाणार हे नंतर ठरवता येते. माणूस आत कसा जाणार आणि बाहेर कसा येणार, हे नंतर ठरवायला गेलात तर ते कधीच नीट ठरत नाही.

सत्तरी ओलांडलेल्या, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, सारी नोकरी शाळेत भूगोल आणि मराठी शिकवण्यात घालवलेल्या बाईने रेल्वेच्या मॉडेलवर मत का द्यावे, असे काहींना वाटेल. त्याचे कारण आमचे जावई. ते लेकीबरोबर ओहायोत राहतात. तिकडच्या घरांना खाली तळघर असते आणि त्यांच्या तळघरात गेली काही वर्षे एक अख्खी रेल्वे वाढते आहे. मी सहा-सहा महिने तिथे राहून येते. थंडीत बाहेर पडता येत नाही, मग तळघरात खुर्ची टाकून बसायचे, विणकाम करायचे आणि जावयांना प्रश्न विचारायचे. चाळीस मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात जन्म गेला, आता विचारायची पाळी माझी.

ज्यांनी असे काही पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. या छंदात सर्वात जास्त चालणारे प्रमाण एच.ओ. नावाचे आहे. खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. आपल्याकडच्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागले तर खरे म्हणजे १९ मिलिमीटरच्या वर यायला हवे. पण आपल्याकडचे बरेच हौशी लोक साडेसोळाच्याच रुळांवर आपल्या गाड्या चालवतात, कारण तयार रूळ तेच मिळतात. पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेले. नातवंडांना घेऊन बरेच जण तिथे जाऊन आले असतील. तिथे आपण प्रेक्षक असतो, मांडणीच्या बाहेर उभे राहून बघतो. ती गोष्ट वेगळी. मी बोलते आहे ती घरातली मांडणी, जिथे गाडी चालवणारा आणि बघणारा एकच असतो आणि तो मधोमध उभा असतो.

मधोमध का? तर हात पुरावा म्हणून. गाडी रुळावरून घसरते, रुळांवर धूळ बसते, एखादे झाड पडते. हे सगळे हाताने करावे लागते आणि माणसाचा हात उभ्याने फार तर अडीच फूट लांब पोचतो. त्यातही दोन फुटांच्या पुढे काम नीट होत नाही, बाहीने सिग्नल पडतात. म्हणून भिंतींच्या कडेने दोन फूट रुंद फळी चारी बाजूंनी फिरवायची, तिच्यावर गाव, डोंगर, स्टेशने मांडायची आणि मध्ये मोकळी जागा सोडून तिथे माणसाने उभे राहायचे. आपल्या जुन्या वाड्यांची रचना डोळ्यांसमोर आणा. चारी बाजूंनी सोपे, मध्ये चौक. तशीच ही रचना, फक्त चौकात माणूस आणि सोप्यावरून आगगाडी.

आता प्रश्न येतो. फळी चारी बाजूंनी फिरली, गाडी अखंड गोल फिरू लागली, तर माणूस चौकात शिरणार कुठून?

बहुतेकांचे उत्तर असते, फळीखालून वाकून. जावयांचेही तेच होते. त्यांच्या रुळांची जमिनीपासूनची उंची ४२ इंच. फळी आणि तिच्या खालच्या लाकडी चौकटीची जाडी वजा करा, आत शिरायला तीन फूट उरतात. तीन फुटांतून मोठ्या माणसाने जायचे म्हणजे रांगणे किंवा बदकासारखे चालणे. आपल्याकडे वाड्याच्या आणि किल्ल्याच्या मोठ्या दरवाज्यात दिंडी दरवाजा असे. त्यातूनही वाकूनच आत जावे लागे. पण तो तसा ठेवण्यामागे हिशेब होता. आत येणारा एकेक करून, मान खाली घालून यावा, म्हणजे शत्रू असला तर आतल्याला सोपे पडावे. तळघरातल्या रेल्वेला कुठल्या शत्रूची भीती आहे? इथे मान खाली घालून येतो तो आपला मित्र, आपले मूल, आपली सासू.

वाकून जाण्यातला खरा त्रास जाण्यात नाही, येण्यात आहे. आत जाताना माणूस सावध असतो. बाहेर येताना त्याच्या मनात दुसरेच काही असते, दारावरची घंटा, गॅसवरचे दूध, वाजणारा फोन. अर्ध्यावर आपण बाहेर आलो असे वाटून तो पाठ सरळ करतो आणि चौकटीचे लाकूड मणक्यात बसते. फळीवरची गाडी हादरून पडते ती वेगळीच. आमच्या नातीच्या डोक्याला दोनदा टेंगूळ आले. नऊ वर्षांची मुलगी, तिला वाकायला काहीच अडचण नाही, तरी आले. मग त्या कडेला फोमची नळी बांधली. फोमच्या नळीने डोके वाचते, गुडघे नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

जावयांच्या शेजारी एक आजोबा राहत. ऐंशीच्या घरातले, तरुणपणी मालगाड्यांवर ब्रेकमन होते. जावयांना डाग देणे, म्हणजे सोल्डरिंग, त्यांनीच शिकवले. रुळाच्या सांध्याला आधी किती उष्णता द्यायची, स्लीपर न वितळता डाग कसा धरायचा, हे त्यांच्या बोटांत होते. दर शनिवारी दुपारी ते यायचे. मग त्यांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आणि वाकणे बंद झाले. पुढचे काही शनिवार ते जिन्यापाशी माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पण मांडणी अशी की सगळे देखावे आतल्या माणसासाठी. बाहेरून दिसते ती डोंगराची पाठ, म्हणजे प्लायवूड, स्क्रू आणि लोंबणाऱ्या वायरी. गाडी बोगद्यातून बाहेर आली की आत नात टाळ्या वाजवायची आणि आम्ही दोघे म्हातारे प्लायवूडकडे बघत हसायचो. मग त्यांचे शनिवार कमी झाले आणि नंतर थांबले. त्यांना येऊ नका असे कोणीही म्हटले नव्हते. जावई म्हणाले, "आई, वय झालं की रस कमी होतो."

मला ते पटले नाही. कुंपणापाशी गाठ पडली तेव्हा माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी त्यांनाच विचारले. ते म्हणाले, आत रांगत जायला मी जाईनही, पण बाहेर येताना लहान मुलीने हात धरून ओढावे लागेल, ते मला नको. रस कमी झाला नव्हता. फळी ४२ इंचांवर होती, एवढेच.

त्या रात्री जेवताना मी विषय काढला. जावयांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग या छंदातल्या माणसांचे नेहमीचे मुद्दे मांडले. ते मुद्दे खोटे नाहीत, म्हणून एकेक करून सांगते.

पहिला मुद्दा, अखंड फळीसारखे मजबूत काही नाही. जिथे कापाल तिथे सांधा येतो आणि जिथे सांधा तिथे रूळ हलतो. हे खरे आहे. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. ओहायोत उन्हाळा दमट आणि थंडीत हीटरमुळे घरातली हवा सुकी. आपल्याकडे कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात दारे चौकटीत अडकतात, तसेच. रुळांच्या टोकांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी डब्याचे चाक चढते.

पण यावर उपाय आहेत आणि ते जावयांनीच मला समजावले. सांधा वळणावर ठेवू नये, सरळ रुळावर ठेवावा आणि रूळ त्याला काटकोनात ओलांडतील असा ठेवावा. काटे, म्हणजे रूळ बदलायची जागा, सांध्याजवळ आणूच नयेत. सांध्याच्या दोन्ही बाजूंना फळीत पितळी स्क्रू बसवून रुळाची टोके त्यांना डाग देऊन पक्की करावीत. मग टोके हलत नाहीत. चौकटीसाठी साध्या लाकडाऐवजी चांगले प्लायवूड वापरावे, ते कमी फुगते. आणि फळी दर वेळी अचूक त्याच जागी येऊन बसावी म्हणून खाली निमुळत्या खुंट्या किंवा दाराला लावतो तसली कडी बसवावी. कडीचा दांडा भोकात गेला की फळी आपोआप रेषेत येते.

फळी उघडायची कशी, याच्या तीन रीती आहेत.

एक, सुटी फळी. उचलायची आणि बाजूला ठेवायची. सगळ्यात स्वस्त आणि करायला सोपी. पण उचलून ठेवायची कुठे? दोन्ही हातांत तीन फुटी पूल धरून माणूस उभा, समोर ठेवायला जागा नाही, असे व्हायला नको. त्या फळीसाठी भिंतीवर ठरलेली जागा केली तरच ही रीत चालते. नाहीतर एक दिवस ती जिन्यावर ठेवली जाते आणि तिच्यावर कोणाचा तरी पाय पडतो.

दोन, वर उचलली जाणारी फळी, एका बाजूला बिजागरी असलेली. इथे एक गंमत आहे, जी मला मुलांना वर्गात दाखवायला आवडली असती. बिजागरीचा अक्ष रुळाच्या पातळीच्या खाली ठेवला, तर फळी वर उचलताना तिच्यावरचे रूळ मागे सरकतात आणि पलीकडच्या रुळांवर जाऊन आपटतात. एक तर फळी उचलतच नाही, नाहीतर रूळ उपटले जातात. अक्ष रुळाच्या वर घेतला की टोके एकमेकांपासून दूर जातात. म्हणून बिजागऱ्या रुळाच्या दोन्ही बाजूंना छोट्या ठोकळ्यांवर उंच बसवायच्या आणि वरून एखादी झोपडी किंवा झुडूप ठेवून झाकायच्या. ज्याला हौस आहे त्याने तिथे खराच उघडणारा पूल दाखवावा. रामेश्वरच्या वाटेवर १९१४ साली सुरू झालेल्या जुन्या पांबन पुलाचा मधला भाग दोन पाकळ्यांसारखा वर उघडत असे. तिथे २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या नव्या पुलाचा साडेबाहत्तर मीटरचा मधला गाळा सरळ उभा वर उचलला जातो. समुद्रातली जहाजे जावीत म्हणून खरी रेल्वे आपली वाट उघडते. मग माणसासाठी आपण का उघडू नये?

तीन, दारासारखी आडवी उघडणारी फळी. मला ही सर्वात पसंत आहे, कारण ती म्हातारी माणसेही एका हाताने उघडू शकतात. वजन उचलायचे नसते, ढकलायचे असते. बिजागऱ्या ज्या बाजूला दार उघडते त्याच बाजूला हव्यात आणि मोकळे टोक तिरके कापावे लागते, नाहीतर फिरताना कोपरा अडकतो. खाली पायाला एक छोटे चाक लावले तर दार झुकत नाही. चाकासाठी जमीन सपाट हवी, आणि बिजागऱ्यांचा खांब जमिनीला घट्ट बांधलेला हवा.

दुसरा मुद्दा, दार उघडे राहिले आणि गाडी आली तर? तीनेक फुटांवरून फरशीवर इंजिन पडले तर संपलेच. हा मुद्दा जावयांनी काढला तेव्हा मला हसू आले, कारण याचे उत्तर आपल्या गावच्या फाटकावर आहे. इंटरलॉक केलेल्या रेल्वे फाटकाची रीत अशी असते, की फाटक बंद होऊन त्याला कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल देताच येत नाही. गेटमनच्या आठवणीवर काही सोडलेले नसते. तेच इथे करायचे. फळी बंद झाली की एक छोटा स्विच दाबला जाईल असा बसवायचा आणि दाराच्या दोन्ही बाजूंच्या तीन-चार फूट रुळांची वीज त्या स्विचमधून घ्यायची. दार उघडले की तेवढ्या रुळांतली वीज जाते आणि गाडी आधीच थांबते. एक सूचना मात्र आहे. हल्लीच्या काही इंजिनांत वीज साठवणारा छोटा घटक असतो, मळक्या रुळांवर इंजिन अडखळू नये म्हणून. असे इंजिन वीज गेल्यावरही काही अंतर चालत राहते. म्हणून आपल्या इंजिनांचे ते अंतर मोजून घ्यावे आणि बिनविजेचा रूळ त्याहून लांब ठेवावा.

तिसरा मुद्दा, जागा. दार ठेवले की तिथे स्टेशन करता येत नाही, यार्ड करता येत नाही. हे मला मान्य आहे. तीन फूट जातात. पण वाकून जायच्या जागेवर तरी कुठे स्टेशन करतात? डोक्याचे धक्के लागतात म्हणून तिथेही साधा रूळच असतो.

या तिन्ही रीती मुळात गोल मांडणी वाचवण्यासाठी आहेत. त्याहून चांगले उत्तर म्हणजे गोल बंदच न करणे. मांडणी यू आकाराची ठेवायची आणि यूच्या तोंडातून सरळ चालत आत जायचे. दार नाही, सांधा नाही, वाकणे नाही. लोक म्हणतात मग गाडी अखंड फिरणार कशी? तर रबराचे एक कडे घ्या. त्याला मध्ये दोन्ही बाजूंनी दाबा म्हणजे दोन टोकांना दोन फुगे आणि मध्ये शेजारी शेजारी दोन रेषा राहतील. आता हे सगळे यूसारखे वाकवा. कडे तुटले का? नाही. गाडी एका रेषेने जाईल, फुग्यातून वळेल, दुसऱ्या रेषेने परत येईल, दिवसभर. बघणाऱ्याला मात्र ती दुहेरी मार्गावरची जाणारी आणि येणारी गाडी वाटेल.

याची किंमत त्या दोन फुग्यांत मोजावी लागते. हिशेब करून पाहू. आपल्याकडच्या फ्लॅटमधली खोली १० फूट बाय १२ फूट धरा आणि दार १० फुटांच्या बाजूला. १८ इंच त्रिज्येचे वळण घेतले तर एका फुग्याचा व्यास ३६ इंच, कडेला थोडी जागा सोडून ४० इंच. दोन फुगे मिळून ८० इंच. खोलीची रुंदी १२० इंच. मधे ४० इंचांची वाट उरते, दोन माणसे एकमेकांना ओलांडून जातील अशी. आता तेच वळण २४ इंच त्रिज्येचे घ्या. एक फुगा ५२ इंच, दोन मिळून १०४, वाट उरली १६ इंच. मांजर जाईल. म्हणजे १० फुटांच्या खोलीत वळण लहान ठेवा, नाहीतर फाटक करा. लहान वळणाचे दुखणे असे, की आपल्या प्रवासी गाड्यांचे लांब डबे त्याच्यावर बरे दिसत नाहीत. डब्याचा मधला भाग आत येतो आणि टोके बाहेर लोंबतात. मालगाडीचे आखूड वाघिणींचे डबे आणि लहान इंजिने मात्र मजेत वळतात.

अमेरिकेत जॉन आर्मस्ट्राँग नावाचे मांडणीचे मोठे जाणकार होऊन गेले. रुळांच्या आखणीवरचे त्यांचे पुस्तक पहिल्यांदा १९६३ साली निघाले आणि जावयांच्या कपाटात त्याची पुढची आवृत्ती आहे. त्यात खोली फुटांत मोजत नाहीत, चौकोनांत मोजतात. सर्वात लहान वळणाची त्रिज्या, अधिक शेजारच्या दोन रुळांमधल्या अंतराची दुप्पट, ही चौकोनाची बाजू. खोलीवर असे चौकोन आखले की फुगा कुठे बसेल आणि कुठे नाही हे रूळ न काढताच समजते. गणिताच्या मास्तरांना आवडेल अशी युक्ती आहे.

आणि अखंड फिरण्याचा हट्ट तरी का? खरी गाडी कुठे गोल फिरते? ती एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते, थांबते, इंजिन बदलते, परत येते. नेरळहून माथेरानला जाणारी दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली सुरू झाली. साधारण २१ किलोमीटरचा रस्ता, खाली एक स्टेशन, वर एक स्टेशन, मध्ये वळणेच वळणे. भिंतीच्या कडेने हिची मांडणी केली तर गोल बंद करायची गरजच नाही. बोरघाटात तर १९२९ पर्यंत गाडी एका जागी थांबून उलट दिशेने निघत असे, कारण चढाला सरळ वाट नव्हती. भूगोल शिकवताना मी हे मुलांना फळ्यावर काढून दाखवायची. ज्याला आपल्या मातीतली रेल्वे मांडायची आहे त्याला बांगडीची गरज नाही, दोरी पुरते.

तर जावयांच्या घरी काय झाले? बराच विचार करून त्यांनी जिन्यासमोरच्या सरळ भागात फळी कापली आणि आडवे उघडणारे फाटक बसवले. तीन शनिवार-रविवार गेले. वाट ३६ इंच ठेवली. तिकडच्या सार्वजनिक इमारतींत चाकाच्या खुर्चीच्या वाटेला निदान ३६ इंच रुंदी लागते, दाराशी ३२ चालतात, तेच माप आम्ही धरले. आजोबा वॉकर घेऊन आले, आत गेले, डोंगराची पुढची बाजू पाहिली आणि एका सांध्याचा डाग थंड पडला आहे म्हणून जावयांना रागावले. आणखी एकदा आले. मग थंडीच्या आधी त्यांची मुलगी त्यांना ॲरिझोनाला आपल्या घरी घेऊन गेली.

जावई एकदा म्हणाले, दोन भेटींसाठी तीन आठवडे गेले. ते कुरकुरीने नव्हे, हिशेब म्हणून म्हणाले. मी त्यांना म्हटले, हिशेब पुरा करा. त्या वाटेने भट्टी दुरुस्त करणारा माणूस हत्यारांची पेटी घेऊन सरळ आत गेला, पूर्वी पेटी खालून ढकलावी लागायची. विजेचा मोठा बोर्ड त्याच भिंतीवर आहे. तिथल्या नियमाप्रमाणे त्याच्यासमोर ३० इंच रुंद आणि ३६ इंच खोल जागा मोकळी लागते आणि ती जागा मोकळी असून तिथवर रांगत जावे लागत असेल तर उपयोग काय? देव न करो, पण तळघरात धूर झाला तर नऊ वर्षांच्या मुलीला अंधारात फळीखाली वाकायचे आठवेल का? मी आत जाऊन आले, या वयात, दोन्ही गुडघे घेऊन. आणि जावईबापू, तुम्ही आत्ता एक्कावन्नचे आहात. ही रेल्वे पुरी व्हायला अजून पंधरा वर्षे लागतील असे तुम्हीच म्हणता. ती पुरी होईल तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल?

ते काही बोलले नाहीत. पण मधे त्यांनी कंट्रोल पॅनेलची जागा बदलली, खुर्ची ठेवता येईल अशी.

काही ठिकाणी दार शक्यच नसते, हेही मान्य करायला हवे. खोली फारच लहान असेल, भाड्याची असेल, मांडणी उद्या हलवायची असेल. मग निदान दोन गोष्टी कराव्यात. एक तर मांडणी उंच घ्यावी, जवळजवळ खांद्याला, म्हणजे रांगावे न लागता मान खाली करून जाता येते. मुलांसाठी मात्र पायरी ठेवावी लागते, आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला काहीच दिसत नाही, हे लक्षात ठेवून करावे. नाहीतर चाकांचे एक बुटके स्टूल ठेवावे, त्याच्यावर बसून सरकत जायचे. आणि डोंगराची एक तरी बाजू बाहेरच्याला दिसेल अशी ठेवावी. बाहेर बसलेल्यालाही गाडी दिसली पाहिजे.

ज्या घरी नातवंडांसाठी किंवा नातवंडांच्या नावाने स्वतःसाठी असे काही मांडायचे घाटत असेल, त्यांना माझा क्रम सांगते. आधी खोलीचे दार कोणत्या बाजूला उघडते ते कागदावर काढा. आपल्याकडे ते बहुधा आत उघडते, त्याच्या फिरण्याची कमान सोडा. मग खिडकी, कपाट, विजेचा बोर्ड. मग माणसांची वाट, एकट्यापुरती निदान ३० इंच, शक्य तर ३६. मग घरातले सर्वात म्हातारे माणूस आणि सर्वात लहान मूल त्या वाटेने मनातल्या मनात चालवून पाहा. ते दोघे आत जाऊन बाहेर आले की मगच पेन्सिल रुळाला लावा. उरलेल्या जागेत स्टेशन थोडे लहान होईल, एखादा डोंगर कमी पडेल. चालेल. डोंगर प्लास्टरचा आहे, कधीही करता येतो.